एप्समची टेकडी आणि घोड्याचा तोल

घोड्यांच्या शर्यतींच्या पुण्यातल्या एका तरुण शौकिनानं विचारलेला प्रश्न असा: ‘महालक्ष्मीवरची इंडियन डर्बी २४०० मीटरची. इंग्लंडात एप्समला होणारी मूळ डर्बी २४२० मीटरची. म्हणजे फरक वीस मीटरांचा. तरीही एप्समची डर्बी जवळ आली की सगळे जाणकार एकच गोष्ट घोकतात, घोड्याला ट्रॅक झेपेल का? महालक्ष्मीच्या डर्बीआधी असं कुणी विचारताना मी ऐकलं नाही. एप्समच्या ट्रॅकमध्ये असं आहे तरी काय?’

प्रश्न चांगला आहे. लांबी पाहिली तर दोन्ही शर्यती बहिणी-बहिणी आहेत. पण लांबी हा ट्रॅकचा एक आकडा झाला. ट्रॅकला उंची असते, आडवा उतार असतो, पोटात माती असते. एप्समला या तिन्ही गोष्टी इतक्या ठळक आहेत की नुसत्या आकड्यावर विसंबलेला माणूस तिथं हमखास फसतो.

मी मुंबई-पुण्याच्या तबेल्यांत तीसेक वर्षं काढली. आधी रायडिंग बॉय, मग असिस्टंट ट्रेनर. एप्समचं वर्णन ऐकत आणि वाचत आलो होतो, पण खरं कळलं ते २०११ च्या जूनमध्ये, डर्बीच्या दोन दिवस आधी तिथल्या एका तबेल्यातल्या मित्राबरोबर ट्रॅक पायी चाललो तेव्हा. टीव्हीवर तो ट्रॅक सपाट दिसतो. कॅमेरा उतार खाऊन टाकतो. पायांना मात्र सगळं कळतं.

डर्बी जिथून सुटते ती जागा स्टँडपासून लांब, पलीकडच्या अंगाला आहे. तिथं उभं राहिलं की समोर चढ. सुरुवातीच्या साधारण आठशे ते हजार मीटरांत ट्रॅक जवळजवळ ४० मीटर वर चढतो. दादरमधली तेरा मजली इमारत डोळ्यांसमोर आणा. घोडा पाठीवर जॉकी घेऊन, पळत, तेवढा वर जातो. आणि हे शर्यतीच्या तोंडाशीच, जेव्हा प्रत्येक जॉकी जागा पटकावायला धडपडत असतो. शिवाय सुटल्यावर ट्रॅक आधी किंचित उजवीकडे झुकतो आणि मग सगळे डाव्या रेलकडे, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या कठड्याकडे, सरकतात, कारण मुख्य वळण डावं आहे. म्हणजे पहिल्या काही फर्लांगांतच (एक फर्लांग साधारण दोनशे मीटरांचा) घोड्याला एक दिशा धरायची, सोडायची आणि दुसरी धरायची. वीस घोडे हे एकाच वेळी करत असतील तर किती ढकलाढकल होत असेल, याची कल्पना करा.

माथ्यावर आलो तेव्हा मी चांगलाच धापा टाकत होतो. मित्र म्हणाला, ‘आता खरं सुरू होतं.’ माथ्यापासून ट्रॅक डावीकडे वळत खाली घसरतो. नुसता उतार परवडला, नुसतं वळणही परवडलं, पण इथं दोन्ही एकदम. या उताराच्या तळाशी, जिथून शेवटचा सरळ पट्टा सुरू होतो, तो टॅटनम कॉर्नर. पुढचा सरळ पट्टा सुमारे सातशे मीटरांचा. तोही बरंच अंतर उताराचाच, आणि अगदी शेवटच्या शंभरेक मीटरांत पुन्हा चढ. दमलेल्या घोड्याला तो थोडासा चढ भिंतीसारखा लागतो.

त्या सरळ पट्ट्यावरून विनिंग पोस्टकडे, म्हणजे शर्यत संपते त्या खांबाकडे, तोंड करून चालताना मला सारखं वाटत होतं की आपला डावा बूट झिजला आहे की काय. डावं पाऊल उजव्यापेक्षा खाली पडत होतं. ट्रॅक स्टँडच्या बाजूकडून आतल्या रेलकडे आडवा कललेला आहे. दोन्ही कडांच्या उंचीत जवळजवळ एका माणसाच्या उंचीचा फरक आहे. शेतात बांधाच्या कडेनं, उतारावर आडवं चालणाऱ्याला हा अनुभव ओळखीचा असेल. मी निवांत चालत होतो. घोडा तिथून ताशी साठ किलोमीटरच्या आसपासच्या वेगानं जातो, दमलेला असतो, आणि जमीन त्याला सतत डावीकडे ओढत असते.

आता हे घोड्याच्या शरीराला काय करतं ते सांगतो, कारण उत्तराचं मर्म इथंच आहे. सपाट जमिनीवरही घोड्याच्या वजनाचा मोठा वाटा पुढच्या पायांवर असतो. उतारावर तो आणखी वाढतो. ज्याचे खांदे सरळसोट उभे आहेत, त्याच्या पुढच्या पायांना प्रत्येक टापेला हादरा बसतो. तो उतारावर अंग चोरतो, टाप आखडती घेतो. उलट फार लांब ढांगा टाकणारा, अंगापिंडानं मोठा घोडा उतारावर स्वतःच्याच वेगाला आवरू शकत नाही. त्याची ढांग मोकळ्या मैदानात राजेशाही दिसते, पण टॅटनम कॉर्नरला तो बाहेर फेकला जातो किंवा डुलायला लागतो. घोडा डुलू लागला की जॉकीला लगाम धरावा लागतो. लगाम धरला की दोन-तीन लेंग्थ, म्हणजे घोड्याच्या दोन-तीन लांब्या, गेल्या, आणि पुढच्या सातशे मीटरांत त्या भरून काढायच्या तर पुन्हा ताकद खर्च.

त्यात पावलांची गोष्ट. घोडा डाव्या वळणावर पुढचा डावा पाय आघाडीला ठेवून पळतो. सरळ पट्ट्यात आल्यावर तो पाय बदलतो. थकलेल्या स्नायूंना तेवढा आराम. एप्समला पाय बदलायची वेळ येते तेव्हा जमीन आडवी कललेली असते. तोल चांगला असलेला घोडा सहज पाय बदलतो आणि सरळ रेषेत येतो. बाकीचे त्या क्षणी डावीकडे, आतल्या रेलकडे वाहत जातात. जॉकीनं उजव्या हातात चाबूक घेऊन मारला तर आणखीच वाहतात. म्हणून तिथल्या जुन्या जॉकींचा भर चाबकापेक्षा हातांवर आणि बसण्यावर. लेस्टर पिगॉट यांनी ही डर्बी नऊ वेळा जिंकली, पहिली १९५४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी. त्यांच्या शर्यतींच्या जुन्या चित्रफिती पाहा. टॅटनम कॉर्नरला ते बहुतेक वेळा पहिल्या सहा-सातांत, रेलपासून थोडी जागा राखून, आणि घोडा त्यांच्या हाताखाली स्वस्थ. मी माझ्या हाताखालच्या रायडिंग पोरांना या चित्रफिती आवाज बंद करून दाखवायचो, म्हणजे लक्ष समालोचनाकडे न जाता जॉकीच्या हातांकडे राहतं.

हा ट्रॅक असा विचित्र का? कारण तो कुणी आखून, भराव घालून तयार केलेला नाही. लंडनच्या नैऋत्येला सरे परगण्यात या टेकड्या आहेत. वर पातळ माती आणि तिच्याखाली खडूचा दगड. सतराव्या शतकात एप्सम गावात खारट झऱ्याचं पाणी सापडलं. आपण औषधाच्या दुकानातून ‘एप्सम सॉल्ट’ आणतो ते नाव याच गावचं. पाण्याच्या गुणासाठी लंडनची बडी मंडळी तिथं येऊ लागली, आणि रिकाम्या वेळात टेकडीवर घोडे पळवू लागली. तिथल्या शर्यतीची पहिली नोंद १६६१ ची आहे. खडूच्या दगडातून पाणी झिरपून जातं, म्हणून चिखल फारसा होत नाही. घोडा पळवायला ती जमीन आयतीच मिळाली होती.

पुढे बारावे अर्ल ऑफ डर्बी यांनी जवळच असलेल्या आपल्या घरावरून नाव देऊन तीन वर्षांच्या घोड्यांसाठी, म्हणजे माद्यांसाठी, ‘ओक्स’ सुरू केली, १७७९ मध्ये. पहिली ओक्स त्यांच्याच ब्रिजेट या घोडीनं जिंकली. पुढच्याच वर्षी, ४ मे १७८० रोजी, नर-मादी दोघांसाठी दुसरी शर्यत झाली. तिला अर्ल डर्बी यांचं नाव द्यायचं की त्यांचे मित्र सर चार्ल्स बनबरी यांचं, याचा निकाल नाणं उडवून लागला, अशी कथा सांगतात. नाव डर्बींचं राहिलं, पण शर्यत बनबरींच्या डायोमेड या घोड्यानं जिंकली. लक्षात घ्या, ती पहिली डर्बी फक्त एक मैलाची होती. १७८४ मध्ये ती दीड मैलाची झाली आणि तेव्हापासून टॅटनम कॉर्नर शर्यतीत आला. अंतर वाढवायचं तर टेकडीला वळसा घालण्यावाचून मार्ग नव्हता. नंतर सुटण्याची जागा एक-दोनदा हलली, आणि आजचा मार्ग १८७२ पासून आहे.

आता महालक्ष्मी बघा. तिथं दलदलीचं रान होतं, ‘महालक्ष्मी फ्लॅट्स’ म्हणत. त्यावर १८८३ मध्ये रेसकोर्स उभं राहिलं, तेही मेलबर्नच्या कॉलफिल्ड रेसकोर्सचा नमुना समोर ठेवून. माणसानं ठरवून आखलेली सपाट जागा ती. सपाट ट्रॅकवर घोड्याला प्रश्न विचारले जातात ते वेगाचे, दमाचे, आणि घाई न करण्याच्या समजुतीचे. ‘ट्रॅक झेपेल का’ हा प्रश्न तिथं निघत नाही तो यामुळे. आपल्याकडे आम्ही ‘पेनिट्रोमीटर किती दाखवतोय’ ते विचारतो, म्हणजे जमीन मऊ की कडक. तेवढं कळलं की ट्रॅकविषयीची बरीचशी चिंता मिटते.

एप्समला तर पावसाचाही हिशेब वेगळा. जमीन आतल्या रेलकडे कललेली, त्यामुळे पाणीही तिकडेच उतरतं. पाऊस झाला की आतली बाजू जड होते आणि स्टँडच्या बाजूची वरची कड तुलनेनं घट्ट राहते. म्हणूनच ओल्या दिवशी सरळ पट्ट्यात येताच जॉकी आतली जवळची वाट सोडून सगळेच्या सगळे ट्रॅक ओलांडून पलीकडे, स्टँडखाली येताना दिसतात. नवखा प्रेक्षक म्हणतो, एवढं अंतर का वाया घालवलं? त्यांनी अंतर देऊन जमीन विकत घेतलेली असते.

याच टेकडीवर आणखी एक वेगळा पट्टा आहे, पाच फर्लांगांचा, सरळ आणि बहुतांश खाली उतरणारा. स्प्रिंटसाठी जगात त्याहून वेगवान पट्टा नाही. १९६० मध्ये इंडिजिनस या घोड्यानं पिगॉट यांच्या हाताखाली हातघड्याळावर ५३.६ सेकंदांत तो कापला. २०१२ मध्ये स्टोन ऑफ फोल्कानं इलेक्ट्रॉनिक घड्याळावर ५३.६९ सेकंद दिले. या वेळा दुसरीकडच्या हजार मीटरांच्या वेळांशी ताडून घोड्याची किंमत ठरवू नका. त्यातला बराच भाग टेकडीचा आहे. डर्बीच्या वेळांचंही तसंच. तिथं जमीन कोरडी की ओली यावर सेकंदच्या सेकंद इकडेतिकडे होतात. १९३६ मध्ये आगा खान (तिसरे) यांच्या पांढुरक्या महमूदनं २ मिनिटं ३३.८ सेकंदांत डर्बी मारली. त्याच्या दमाबद्दल अनेकांना शंका होती, पण त्या दिवशी जमीन टणक होती आणि टणक जमिनीवर दम कमी खर्च होतो. तो विक्रम १९९५ पर्यंत टिकला. सध्याचा विक्रम वर्कफोर्सचा, २०१० चा, २ मिनिटं ३१.३३ सेकंद.

ट्रॅकनं निकाल कसा फिरतो याचं आपल्या जवळचं उदाहरण १९३४ चं. त्या वर्षी कोलंबो नावाचा घोडा अजिंक्य होता आणि अर्थात फेव्हरिट, म्हणजे सर्वाधिक पैसे लागलेला. राजपिपळ्याचे महाराज विजयसिंहजी यांचा विंडसर लॅडही शर्यतीत होता, पाठीवर चार्ली स्मर्क. उतारावर कोलंबो आतल्या रेलला, एका दमलेल्या घोड्याच्या मागे अडकला. पुढे वाट नाही, बाजूला घोडे, आणि उतारावर मागे ओढून बाहेर काढायचं म्हणजे तोल जाणार. स्मर्कनं विंडसर लॅडला मोकळं ठेवलं आणि सरळ पट्ट्यात सोडलं. विंडसर लॅड जिंकला, कोलंबो तिसरा आला. रेल ही जवळची वाट खरी, पण एप्समच्या उतारावर दमलेले घोडे नेमके रेललाच मागे पडत येतात, आणि त्यांच्या मागचा घोडा कोंडला जातो. टॅटनम कॉर्नरला रेल सोडून दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत असणं पुष्कळदा फायद्याचं, ते याचसाठी.

दुसरं उदाहरण बडोद्याचं, आणि ते मला मनापासून जवळचं आहे. महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी २८,००० गिनी मोजून एक वर्षाचं शिंगरू घेतलं. त्या काळी एवढी किंमत कुणी दिली नव्हती. शिंगरू डांटेचा सख्खा भाऊ. महाराजांनी आपल्या आजोबांच्या नावावरून त्याचं नाव ठेवलं सयाजीराव. डांटेनं १९४५ ची डर्बी जिंकली होती, पण युद्धामुळे ती डर्बी एप्समला झालीच नव्हती, न्यूमार्केटला झाली. तेव्हा ‘भावाला ट्रॅक झेपला म्हणजे यालाही झेपेल’ हा हिशेब मांडायला आधारच नव्हता. १९४७ मध्ये सयाजीराव एप्समला उतरला आणि तिसरा आला. पर्ल डायव्हर पहिला, मिगोली दुसरा. त्याच वर्षी त्यानं आयर्लंडची डर्बी जिंकली, आणि सप्टेंबरात डॉनकास्टरला सेंट लेजर ही शर्यत. डॉनकास्टरचा ट्रॅक ऐसपैस, जवळजवळ सपाट, सरळ पट्टा लांब. घोड्याला मोकळं पळता येतं. सेंट लेजरचं अंतर जास्त, तेही त्याच्या पथ्यावर पडलं हे मान्य. सगळं श्रेय ट्रॅकला देणं बरोबर नाही. पण जिथं ढांग टाकायला जागा मिळाली तिथं तो जिंकला, हे मला महत्त्वाचं वाटतं. पुढच्या वर्षी महाराजांच्याच माय बाबूनं न्यूमार्केटची टू थाउजंड गिनीज ही शर्यत जिंकली, एप्समला फेव्हरिट म्हणून गेला आणि चौथा आला.

सेंट लेजरला सयाजीरावच्या पाठीवर होते ऑस्ट्रेलियन जॉकी एडगर ब्रिट. हेच ब्रिट १९४३ मध्ये महालक्ष्मीवर पहिल्या इंडियन डर्बीत बडोद्याच्याच प्रिन्सेस ब्यूटिफुलवर बसून जिंकले होते. १९४९ मध्ये एप्समची ओक्स त्यांनी म्युसिडोरावर मारली, म्हणजे टेकडी त्यांना कळत होती. पण एप्समची डर्बी काही त्यांच्या हाती लागली नाही.

अलीकडचं सर्वांत बोलकं उदाहरण १९८६ चं. डान्सिंग ब्रेव्ह त्या पिढीतला सर्वांत मोठा घोडा, याबद्दल आज कुणाचं दुमत नाही. डर्बीत उतारावर त्याचा तोल जमेना, तो फार मागे राहिला, आणि सरळ पट्ट्यात एवढ्या झपाट्यानं आला की विनिंग पोस्ट आणखी थोडा लांब असता तर जिंकलाच असता. अर्ध्या लेंग्थनं शाहरस्तानीकडून हरला. दोष जॉकी ग्रेव्हिल स्टार्की यांच्यावर आला, की त्यांनी घोडा फार मागे ठेवला. मी ती शर्यत पुन्हा पुन्हा पाहिली आहे. माझं मत असं की त्यांनी घोडा मागे ‘ठेवला’ नव्हता. उतारावर घोडा अस्वस्थ असताना ढकलला असता तर तो आणखी बिघडला असता. त्याच घोड्यानं पुढे अ‍ॅस्कॉटला शाहरस्तानीला मागे टाकलं आणि पॅरिसची आर्क ही मोठी शर्यत जिंकली. या दोन्ही ठिकाणी एप्समसारखा उतार आणि आडवा कल एकत्र नाही.

मग मागून येऊन तिथं जिंकताच येत नाही का? येतं. २०११ ची डर्बी मी स्टँडसमोरच्या टेकडीवर, फुकट येणाऱ्या लोकांच्या गर्दीत उभा राहून पाहिली. राणीचा कार्लटन हाउस फेव्हरिट, सगळी टेकडी त्याच्यासाठी ओरडत होती. टॅटनम कॉर्नरला पूर म्वा नावाचा फ्रेंच घोडा जवळजवळ शेवटी होता. पण दुर्बिणीतून मला त्याचे कान दिसत होते, आणि त्यावरचा एकोणीस वर्षांचा पोरगा, मिकाएल बार्झालोना, हात न हलवता बसला होता. घोडा मागे होता, पण तोल त्याचा होता. बाहेरून, मोकळ्या जागेतून तो आला आणि अगदी शेवटी डोक्याच्या अंतरानं जिंकला. बार्झालोना तर पोस्ट यायच्या आतच रिकिबीत उभा राहिला. माझ्या काळजाचा ठोका चुकला, कारण असल्या आततायीपणानं जिंकलेली शर्यत हरता येते. पण तो मागून जिंकला, यातलं शिकण्यासारखं एवढंच की डान्सिंग ब्रेव्ह आणि पूर म्वा दोघेही मागे होते, आणि दोघांच्या मागे असण्यात फरक होता.

तेव्हा पुढच्या जूनमध्ये डर्बी पाहाल तेव्हा सुटल्यापासून आघाडीच्या घोड्याकडे बघत बसू नका. घोडे माथ्यावर आले की तुम्ही निवडलेल्या घोड्यावर नजर ठेवा. उतार सुरू झाल्यावर त्याची मान वर जाते का? जॉकीची कोपरं मागे ओढली जातात का? टॅटनम कॉर्नरमधून बाहेर पडताना तो आपली रेषा धरतो की बाहेर भरकटतो? सरळ पट्ट्यात आल्यावर पाय बदलून पहिल्या दहा-वीस टापांत तो सरळ राहतो की आतल्या रेलकडे वाहतो? आणि ही शर्यत झाल्यावर चित्रफीत जपून ठेवा. एप्समला चौथा-पाचवा आलेला, उतारावर मान वर काढणारा पण शेवटी झपाट्यानं येणारा एखादा घोडा त्यात नक्की सापडेल. तो पुढे सपाट ट्रॅकवर उतरेल तेव्हा त्याचं नाव तुमच्या वहीत असू द्या.